बाबांच्या पायाची तपासणी

बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका लहान कारखान्यात ते फोरमन होते. तिथल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये पाय गेला. मी तेव्हा शाळेत होते. घरात कुणी त्याचा बाऊ केला नाही, पण बाबांनी परक्या माणसासमोर तो पाय कधी काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही दोघं हैदराबादहून पुण्याला विमानानं निघालो. बाबांचा हा पहिलाच विमानप्रवास. सुरक्षा तपासणीत चौकटीतून जाताना यंत्र वाजलं. बाबांनी पँट वर करून दाखवली. जवान तरुण होता, अदबीनं बोलला, "अंकल, पैर निकालना पड़ेगा. मशीन में जाएगा."

त्यानं बाबांना पडद्याआड नेलं. आत बसायला काही नव्हतं. पडद्याखालून मला त्यांचा एकच बूट दिसत होता, आणि तो हलत होता. थोड्या वेळानं पट्ट्यावर लॅपटॉप आणि पर्सच्या मधल्या ट्रेमधून बाबांचा पाय आला, बूटमोज्यासकट. रांगेतली माणसं दुसरीकडे बघायला लागली.

मी जवानाशी भांडले. माझे वडील काय चोर आहेत का, असं विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आतून पोकळ वस्तू यंत्रात घालावीच लागते, त्यालाही हे करताना बरं वाटत नाही, एवढंच म्हणाला.

विमान सुटायला वेळ होता. मी फोनवर तक्रार लिहिली : अशा प्रवाशांना या तपासणीतून वगळावं. बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं. ऐकल्यावर त्यांनी अपघाताच्या दिवसाचं सांगितलं. प्रेस चालू करण्याआधी तिच्यापुढची सुरक्षेची जाळी बसली आहे का, हे एका कामगारानं तपासायचं असे. त्या दिवशी बाबा स्वतःच मशीनजवळ उभे होते. साहेब आहेत म्हणजे त्यांनी बघितलंच असेल, असं समजून त्यानं बटण दाबलं.

अपघात मी शंभरदा ऐकला होता. हे कधीच ऐकलं नव्हतं.

"मला मान दिला त्या कामगारानं, म्हणून तपासलं नाही," बाबा म्हणाले. "तपासू नका असं नको लिहू. खुर्ची ठेवा म्हणून लिही. एका पायावर उभं राहून परेशान झालो मी."

मी मजकूर बदलून पाठवला. तरी ट्रेचं त्यांना काहीच वाटलं नाही, हे मला पटेना. मी विचारलंच. ते म्हणाले, बूट पॉलिश करून आणायला हवा होता. आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

तक्रारीला ठरावीक शब्दांतलं उत्तर आलं. गेल्या हिवाळ्यात पुन्हा जायची वेळ आली, तेव्हा पडद्याआड प्लास्टिकची खुर्ची होती. ती आमच्या तक्रारीमुळे आली की आणखी कुणाच्या, कोण जाणे. तपासणी मात्र तीच, तेवढीच कसून. आतून बाबांचा आवाज येत होता. ते नव्या जवानाला तेलुगूत त्याच्या गावाबद्दल विचारत होते.

मी बाहेर त्यांची काठी धरून उभी होते. मागचा एक गृहस्थ वैतागून म्हणाला, एवढा वेळ काय चाललंय? वडिलांचा पाय तपासताहेत, मी सांगितलं. तो दोन पावलं मागे सरला, आणि आपल्या मागच्यांना पलीकडच्या रांगेत जायला सांगू लागला.