श्रावणात शेवाळाचं पाणी

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझं अक्षर कोंबडीनं उकरलेल्या मातीसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं काढायचं ते मला अजून नीट कळत नाही. निपाणीत चौथीनंतर शाळा सुटली आणि मांडीवर पाटीऐवजी बिड्यांचं सूप आलं. आमच्या गल्लीत बहुतेक मुलींचं तसंच झालं. मी बोलायला लाजते म्हणून लिहिते. लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही.

लग्नानंतर मी बेळगावला खासबागेत आले. हे मागावर कामाला जातात. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या खाली, वर घरमालकीण. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्का घरात कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी. रागावल्या की कुठली भाषा येईल ते त्यांनाही ठाऊक नसतं.

बिड्या सुटल्या तरी हात गप्प बसेनात, म्हणून मी खिडकीत बाटल्यांमधून मनी प्लँट लावला होता. पुढच्या गल्लीतल्या शाळेच्या बाईंनी तो बघितला. त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि श्रावणाच्या शेवटी वास्तुशांत होती.

“येणाऱ्यांना नारळ नको, छोट्या कुंडीतलं रोप द्यायचं म्हणतेय. पन्नास करून देशील? एकाला चाळीस रुपये.”

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला बोलावं लागतं. हो म्हणायला नुसती मान हलवली की भागतं. मी मान हलवली.

कुंड्या, माती, गांडूळखत असा बाराशेचा हिशोब आला. यांचा पगार आठवड्याला येतो आणि आठवड्यातच जातो. मी आक्कांकडून बाराशे उसने घेतले, गौरी यायच्या आत देते असं सांगून. जन्मात पहिल्यांदा कुणाकडून पैसे घेतले होते. त्यानंतर जिना झाडताना मी आक्कांच्या दाराशी केरसुणीसुद्धा हळू फिरवू लागले.

मनी प्लँटच्या फांद्या पेराखाली कापून मी पाण्यात ठेवल्या. उसाचं कांडं लावताना डोळा बघतात, तसंच इथं पेर बघायचं, तिथूनच मूळ फुटतं. पण पावसाळी गारठ्यात आठवडा गेला तरी काही फुटेना. मी खताच्या दुकानात गेले आणि दुकानदारासमोर बराच वेळ युरियाच्या पोत्यांकडं बघत उभी राहिले.

“काय पायजे, वहिनी?”

“मुळ्या,” मी म्हणाले.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं एक काळी बाटली काढली. “समुद्रातल्या शेवाळाचा अर्क हाय. ऊसवाले, भाजीवाले नेत्यात. मूळ लई चांगलं धरतंय. पंधरा लिटरच्या पंपाला आठ टोपणं. जास्त घालू नका, जळंल.”

पंप माझ्याकडं कुठला! दोन लिटरला साधारण एक टोपण, असा हिशोब मी दुकानाच्या पायरीवरच केला. एवढी चौथी कामाला आली.

चूक पुढं झाली. घरी येऊन मी फांद्या मोजायला बसले आणि हातांनी मला न विचारताच त्यांचं जुनं काम सुरू केलं. पंचवीस फांद्या मोजल्या, टोकं सारखी केली, दोऱ्यानं आवळून जुडी बांधली. परत पंचवीस, परत जुडी. दोन्ही जुड्या शेवाळाच्या पाण्यात उभ्या केल्या तेव्हा इतक्या देखण्या दिसत होत्या की मला कौतुकच वाटलं. काही तास ठेवून मातीत लावायच्या होत्या. पण मूळ दिसल्याशिवाय लावायचा धीर होईना, म्हणून चार-पाच दिवस तशाच ठेवल्या.

श्रावणी सोमवारी सकाळी आक्का जिन्यातून खाली आल्या त्या नाक वर करूनच.

“अय्यो! श्रावण सोमवारी सुकट भाजलीस काय गं?”

मी मान हलवली, नाही म्हणून. पण घाबरल्यावर माझी मान हो आणि नाहीच्या मधे कुठंतरी हलते. आक्का सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. भाताचं झाकण उघडलं, वरणाचं उघडलं, पिठाचा डबासुद्धा हुंगला. माझ्या डोळ्यांपुढं ते बाराशे रुपये नाचत होते. आता आक्का पैसेही मागणार आणि खोलीही खाली करायला लावणार, असं वाटलं. शेवटी त्या मोरीजवळच्या पातेल्याशी वाकल्या आणि नाकाला पदर लावून उठल्या.

“एनिदु? हे काय?”

“समुद्राचं शेवाळ. मुळ्यांसाठी.”

“समुद्र खासबागेत कुठनं आणलास?”

त्यांनी एक जुडी उचलून दोरा सोडला. बाहेरच्या फांद्यांना पेरापाशी पांढरे ठिपके आले होते. मधल्या मात्र काळ्या पडून गळून गेल्या होत्या. वास शेवाळाचा कमी आणि त्यांचाच जास्त होता.

आक्का आधी जुडीकडं, मग माझ्याकडं बघत राहिल्या, आणि खाली बसून हसायलाच लागल्या. “अगं, बिड्या बांधलास की गं! हिला श्वास कुठनं? आता काडेपेटी आण, एक ओढू या!”

मोजलं तर बावीस कुजल्या होत्या. वास्तुशांतीला अठरा दिवस. माझ्या खिडकीत आता कापण्यासारखी फांदी उरली नव्हती. वर आक्कांच्या गॅलरीत मात्र मनी प्लँट गजावरून पार छतापर्यंत गेला होता, आणि त्याच्या पेरांना हवेतच मुळांची टोकं आलेली. पण तो मागायचा नसतो. ज्यानं दिला त्याच्या घरची लक्ष्मी जाते म्हणतात. चोरून आणलेलाच लागतो. आधीच त्यांचे बाराशे माझ्याकडं, वर त्यांची लक्ष्मी कुठल्या तोंडानं मागू?

आक्काच म्हणाल्या, “मी काय देणार न्हाय. पण दुपारी जेवून मी झोपते. दार वाऱ्यानं उघडंच राहतंय. झोपलेल्या माणसाला काय कळतंय?”

दुपारी मी कात्री पदराखाली धरून वर गेले. आक्का सतरंजीवर घोरत होत्या. इतकं मोठं खरं घोरणं कुणाचंच नसतं. मी पहिली फांदी धरली.

“ती नको,” डोळे मिटलेल्या आक्का म्हणाल्या. “कोपऱ्यातली जाड हाय.”

आणि परत घोरायला लागल्या.

मी बावीस कापल्या. जाताना हळूच “येते हं” म्हणाले. चोरानं निरोप घेतलेला ऐकून आक्कांचं घोरणं मधेच फुटलं आणि त्यांना ठसका लागला.

या वेळी फांद्या मोकळ्या ठेवल्या, एकीला दुसरी लागू दिली नाही. जुन्यांतल्या चांगल्या अठ्ठावीस आणि या बावीस. दुपारभर शेवाळाच्या पाण्यात भिजवून एकेक कुंडीत लावली. दहा दिवसांनी एक फांदी हळूच ओढून बघितली तर मातीनं ती घट्ट धरलेली. मी ती परत दाबली आणि एकटीच हसले. पातेलं तीनदा चिंचेनं घासलं. तरी हे चहा पिताना म्हणालेच, “आज मालवणला आल्यासारखं वाटतंय.”

वास्तुशांतीला पन्नासही कुंड्या गेल्या. बाईंनी त्या दिवशी हजार रुपये दिले, उरलेले नंतर देते म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी आठशे वर नेऊन दिले. राहिलेल्या चारशेंसाठी मी बाईंच्या घरावरून चार दिवस रोज गेले, पण फाटक वाजवायला हात उठेना. पाचव्या दिवशी वाजवलं. “बाई, माझे पैसे,” एवढंच म्हणाले, आणि ते आठ घरं पलीकडं ऐकू गेलं असणार. बाईंना खरंच विसर पडला होता. त्यांनी लगेच हजार आणून दिले.

गौरी दुसऱ्या दिवशी येणार होत्या. मी आक्कांना चारशे दिले आणि फांद्यांचे म्हणून शंभर वेगळे काढले.

“हे कशाचे?”

“बावीस फांद्यांचे.”

“कुठल्या फांद्या? मी झोपलेली होते.” त्यांनी शंभराची नोट माझ्या मुठीत कोंबली. मग चारशे दोनदा मोजले, पहिले आठशे बोटांवर धरले आणि म्हणाल्या, “बाराशे. फिटले बघ सगळे.”

त्या दिवशी जिना उतरताना मी पाय चांगले वाजवत आले.