खोक्याचं झाकण

"पाय काढ."

गाडी त्याच्या पत्र्यासमोर उभी राहिली की मिस्तरी एवढंच म्हणायचा. रामराम नाही, काय झालं म्हणून विचारणं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, मग तो कमरेवर हात ठेवून इंजिनकडे नाही, आपल्या तोंडाकडे बघायचा. शेणात पाय पडल्यावर माणूस चपलेकडे बघतो तसा.

नवापूरहून हायवेने कधी गेला असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. चिंचेखाली चार पत्रे, बोर्ड नाही, कानावर अर्धी विडी. इतका तुसडा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सुरतेहून आलेल्या एका साहेबांनी गाडीची किंमत सांगायला सुरुवात केली, तर हा त्यांचं बोलणं संपेपर्यंत मागे जाऊन मुतून आला.

पाय न लावता इंजिन जे आपलं आपण चालत राहतं त्याला आम्ही 'स्लो' म्हणतो. जुन्या गाडीचा स्लो बिघडला की ड्रायव्हर रेल्वेच्या फाटकावर रेस देत बसतो, आणि बसस्टँडवरचे मेकॅनिक कार्बोरेटरचा पेच पिळून रेस वाढवून देतात. गाडी बंद पडत नाही, बोंबलत राहते, गिऱ्हाईक खूश. मिस्तरी म्हणायचा, "मढाले पावडर लावतस." असे मेकॅनिक आणि असे ड्रायव्हर त्याच्या लेखी एकाच लायकीचे.

त्यातलाच मी एक.

मी उदगीरकडचा. आठवीत शाळा सोडली, फिरत फिरत इथे आलो आणि पोल्ट्रीवर ड्रायव्हर झालो. एक दिवसाची पिलं खोक्यांत भरून जुन्या पेट्रोल व्हॅनमधून गावोगाव पोचवायची. इथली भाषा कळत नव्हती. कुणी मोठ्याने बोललं की मला वाटायचं, आता काढून टाकतात. म्हणून एकदा व्हॅन थोडी अडखळायला लागली तेव्हा शेठला न सांगता मोबाइलवर बघून मीच कार्बोरेटर उघडला. खालचं पॅकिंग, सांध्यातून हवा शिरू नये म्हणून असतं ते, फाटलं. घाबरून पिलांच्या खोक्याचं झाकण ब्लेडने कापलं, तसंच भोक पाडलं आणि बसवून टाकलं.

त्या दिवसापासून स्लो गेला. बसस्टँडवाल्याने दोनदा पेच पिळला. आठवड्याने चिंचपाड्याकडच्या फाटकावर मी रेस देत उभा असतानाच व्हॅन बंद पडली आणि तासभर चालूच झाली नाही. ऊन होतं. दोन खोकी मेली. आधी इंजिनच्या बोंबेत, मग स्टार्टरच्या घरघरीत पिलं कधी गप्प झाली ते मला ऐकूच आलं नव्हतं. शेठ म्हणाला, पुन्हा असं झालं तर सामान बांध.

दुसऱ्या सकाळी मी मिस्तरीकडे गेलो.

"पाय काढ."

मी म्हटलं, काढला तर बंद पडेल. तो नुसता बघत राहिला. मी पाय काढला. व्हॅन दोन आचके देऊन मेली.

"आते खरं बोलनी," तो म्हणाला.

पेच कुणी पिळला ते त्याने विचारलं आणि ऐकून थुंकला. आधी पेच सैल करून मूळ जागी आणला. एअर क्लीनर उघडला. आत पिलांची पिवळी लव आणि खाद्याची धूळ, उशीत भरल्यासारखी. ती झटकून इंजिन चालू केलं, तरी ते वर-खाली होतच होतं. मग बाटलीच्या झाकणाला खिळ्याने पाडलेल्या भोकातून तो कार्बोरेटरच्या बुडाशी थेंब थेंब पाणी सोडत गेला. एका जागी पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चाललं. तिथून ते हवा घेत होतं.

त्याने कार्बोरेटर उचलला. खाली माझं पुठ्ठ्याचं पॅकिंग, पेट्रोलने कुजलेलं. त्यावर छापलेल्या पिलाचं अर्धं डोकं अजून दिसत होतं.

कुणी केलं, त्याने विचारलं. मी म्हटलं, बसस्टँडवाल्याने.

तो उठला. व्हॅनच्या मागच्या दारातून रिकामी खोकी एकेक करून बाहेर टाकत गेला. एकाला झाकण नव्हतं. ते त्याने माझ्या हातात दिलं, त्यावर तो ओला पुठ्ठा ठेवला.

"शिकेल मानूस खोटं बोलस ते समजस माले," तो म्हणाला. "तू ते शाळाबी पुरी नही करी. तुले खोटं कसाले जोयजे?"

मला रडू आलं. त्याकडेही त्याने किळसवाण्या वस्तूकडे बघावं तसं बघितलं आणि खरं पॅकिंग कापायला बसला.

तेवढ्यात शेठ मोटरसायकलवरून आला. काय निघालं, त्याने विचारलं. माझ्या हातात अजून ते खोकं होतं. मिस्तरीने मान वर केली नाही. म्हणाला, जुनं पॅकिंग गेलं होतं, क्लीनर तुंबला होता, तुमची माणसं साफ करत नाहीत. शेठ गेला.

मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर त्याने पाय मागे घेतले.

"तुन्हासाठे नही. तुन्हा सेठ तुन्हापेक्षाबी नालायक शे."

नंतर मी त्याच्यासाठी अंडी नेली, तर पिलं मारणाऱ्याच्या हातची अंडी खात नाही म्हणाला. मी तरी दर महिन्याला क्लीनर दाखवायला जात राहिलो. तो उघडून बघायचा, हुं म्हणायचा. त्या हुंसाठी मी आदल्या दिवशी क्लीनर तीनदा झटकायचो.

मागे हायवे रुंद झाला. चिंच गेली, पत्रे गेले, तोही गेला. कुणी म्हणतं सोनगडला लेकीकडे आहे, कुणी म्हणतं वारला. मला सांगून जावं असं त्याला वाटलं नसणारच.

काल फाटक लागलं होतं. शेजारचा गाडीवाला उगाच रेस देत होता. मी त्याच्याकडे तसंच बघितलं, शेणाकडे बघतात तसं. मग माझा पाय काढला. व्हॅन हलक्या आवाजात चालत राहिली, आणि मागच्या खोक्यांतून सगळी पिलं ऐकू येत होती.