मुहूर्तमेढ आणि बलवंतसिंगांचं गिरमिट

माझ्या मेहुणीच्या लग्नात माझ्याकडे एकच काम होतं. खड्डा खणायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी केंद्र सरकारची नोकरी, बदली चंदीगडला, आणि नवरदेव तिथल्याच एका इस्पितळात डॉक्टर. त्याला रजा जेमतेम चार दिवसांची मिळाली, म्हणून साताऱ्याला सासरी व्हायचं लग्न आमच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात आलं. मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मुहूर्तमेढ, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रोवायची होती. माझे सासरे अण्णा निवृत्त ओव्हरसियर. जावयाला लेखणीखेरीज काही हातात धरता येत नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नव्हता. हे मत मला बदलायचं होतं. खड्ड्यानं!

पहारीचा खड्डा वेडावाकडा होतो, म्हणून मी शेजारच्या बलवंतसिंगांकडून गिरमिट मागून आणलं. मुल्लानपूरला त्यांची शेती होती आणि कुंपणाचे खांब पुरायला ते हे वापरत. (सुताराच्या गिरमिटाचा थोरला भाऊ समजा. छातीइतकं उंच, वर आडवी मूठ, खाली लोखंडी पीळ आणि पिळाच्या टोकाला माती कापणारे दोन दात.) ते दात झिजून गुळगुळीत झाले होते. नवे बसवून घ्या, दोन बोल्टचं काम आहे, असं ते म्हणाले.

सेक्टर बावीसमधल्या दुकानदारानं माझ्यापुढे दोन जोड्या ठेवल्या. एक रुंद, चपटी, उलथन्यासारखी. दुसरी निमुळती, टोकदार, बघूनच धडकी भरावी अशी. मग त्यानं विचारलं, जमीन कशी आहे?

तीन वर्षं चंदीगडात राहून मी जमिनीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. जमीन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आमचं गाव येतं, जिथे तुळस लावायची तरी पहार वाकते.

"पत्थर," मी म्हणालो.

"बाऊजी, यहाँ पत्थर कहाँ? यहाँ तो गेहूँ उगता है."

मी त्याला समजावलं की वरची माती नुसती दिखाऊ असते, खरा खडक खाली दबा धरून बसलेला असतो. त्यानं दोन्ही जोड्या न्या, नको ती परत करा, असं सुचवलं. पण ज्याला जमिनीतलं कळतं तो दोन जोड्या कशाला नेईल? मी टोकदार दात घेतले आणि घरी येईपर्यंत तीनदा खिशातून काढून पाहिले.

"अहो, या अंगणात मी कोथिंबीर लावते," सुधा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली. "बोटानं खड्डा होतो."

कोथिंबिरीला खडकातलं काय कळतं, असं म्हणून मी दात बसवले. शिवाय खडक मऊ पडावा म्हणून मुहूर्ताच्या दिवशी सकाळी सहा बादल्या पाणी ओतलं. (स्थापत्यशास्त्रात हा प्रयोग अजून कुणी केलेला नसावा.)

नऊ वाजता सगळे जमले. अण्णांच्या हातात घड्याळ, सुधाच्या हातात हळदकुंकू, आंब्याचे डहाळे बांधलेला बांबू भिंतीला टेकलेला. मी गिरमिट फिरवलं. पहिल्याच फेऱ्यात वीतभर आत!

"वा," अण्णा म्हणाले.

माझ्या संसारात अण्णांकडून मिळालेला हा पहिला 'वा'. मग मी थांबतो कशाला! फिरवत सुटलो. रुंद दात माती कापून वर आणतात आणि टोकदार नुसते घुसतात, हे मला पुढे बलवंतसिंगांनी सांगितलं. त्या घटकेला एवढंच दिसत होतं की माती काही वर येत नाही आणि गिरमिट मात्र खाली चाललंय. छातीशी असलेली मूठ कमरेखाली आली तेव्हा अण्णा म्हणाले, पुरे, काढा आता.

मी ओढलं. मग मी आणि अण्णांनी ओढलं. मग आमचा आवाज ऐकून बलवंतसिंग भिंतीवरून उडी मारून आले आणि तिघांनी ओढलं. जागचं हलेना. उलटं फिरवून बघावं म्हणून मी जोर लावला, तर मूठच माझ्या हातात आली. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सुधानं कोथिंबिरीचं खुरपं आणलं आणि गिरमिटाच्या शेजारी दोन मिनिटांत खड्डा केला. बांबू उभा राहिला आणि माझ्या सहा बादल्यांच्या चिखलात हळूहळू कलायला लागला. इकडून टेकू द्यावा तर तिकडे! शेवटी अण्णांनीच सुंभ मागवला आणि बांबू गिरमिटाच्या दांड्याला करकचून बांधला. बरोबर नऊ दहाला मेढीला हळदकुंकू लागलं, गिरमिटालाही लागलं.

"भाऊजी," नवरी म्हणाली, "माझ्याआधी मेढीचंच लग्न लागलं की हो."

सगळे हसले. मीही हसलो, पण खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. लग्न झकास झालं. वरात गेल्यावर ते गिरमिट उकरून काढायला बलवंतसिंगांना नि मला दोन दिवस लागले, आणि त्या खड्ड्यात मांडवाचे सगळे खांब एकदम मावले असते. दात मात्र कोरे करकरीत. साधा ओरखडा नाही.

दोन वर्षांनी धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं ते साताऱ्याला, अस्सल काळ्या खडकावर. मी ते दात रुमालात बांधून नेले. याच जमिनीसाठी तर ते घडवलेले! पोचलो तर मेढ उभी. अण्णांनी ती माझ्या गाडीची वेळ बघून आदल्याच दिवशी, वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात रोवून टाकली होती.

"जावईबापू," त्यांनी माझ्या हातात अत्तरदाणी ठेवली, "तुम्ही दारात उभे राहा. येईल त्याच्या हाताला लावा. हे फिरवावं लागत नाही."

मी तीन तास अत्तर लावलं. एकही पाहुणा अडकला नाही.