एका वर्षाला एक हात

माझे आप्पा नौदलात होते, पण त्यांचं जहाज लढायचं नाही. ते भर समुद्रात लढाऊ जहाजांना तेल द्यायचं. शाळेत मी मात्र ठोकून दिलं होतं, आप्पा तोफ चालवतात. त्या थापेची मला अजून लाज वाटते.

मागच्या महिन्यात आप्पांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. जहाज निवृत्त होणार होतं. रविवारी सूर्यास्ताला मुंबईत त्याचा झेंडा शेवटचा उतरणार. आप्पांचे गुडघे आमच्या सुरतेतल्या तीन जिन्यांनाच हात जोडतात, मुंबई कुठली? त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाले, "आपली आपण पताका बनाडूत." निरोपाच्या दिवशी जहाजावर लांबच लांब पताका लावतात. जहाजाची जितकी नोकरी मोठी, तितकी पताका लांब. आप्पांचं माप, एका वर्षाला एक हात.

मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. भावाने पलसाण्याच्या डाइंग मिलमधून डागी पांढरं कापड आणलं. आप्पा कोपराने मोजत गेले, मी शिवत गेले. हा हात जहाज नवंकोरं आलं तेव्हाचा. हा वादळाचा, तेव्हा बेटावरच्या माणसांना गोडं पाणी नेलं. पुढचे कितीतरी हात नुसत्या तेलाचे.

"दोन जहाजं जोडीनं, एकाच वेगानं. मधी दोर, दोरवर नळी. तासन्‌तास. मंग वाटे, आपण उभाच आनि समुद्रच वाही रायना."

नळीमागून भटारखान्यातले गरम पावही दोरावरून पलीकडे जायचे. तिकडची पोरं तेलापेक्षा त्यांचीच वाट बघायची. मशीनची घरघर चालू होती, कापड मांडीवरून सरकत होतं, आणि मलाही वाटू लागलं, मी स्थिर आहे आणि खोलीच हळूहळू पुढे चालली आहे.

रविवारी आप्पा आईच्या आधाराने बसत-उठत गच्चीवर आले. पतंग पकडायच्या उंच काठीला पताका बांधली. वारा तापीकडून आला आणि ती शेजारच्या टाकीपर्यंत तरंगत गेली. तेव्हा मला राहवेना.

"आप्पा, शाळामा मी सांगेल व्हतं, तुम्ही तोफ चालाडतस."

आप्पांनी पताकेची गाठ आवळली. "मी बी तुनी मायले लगीनना आगोदर तेच सांगेल व्हतं."

"माले पैल्ला दिनपाईन माहीत व्हतं," आई म्हणाली. "तुमना कपडासले डिझेलना वास ये. तोफले कोठे डिझेल लागस?"

आप्पा इतके हसले की त्यांना काठी धरावी लागली. मग सूर्य टेकला. त्यांनी ताठ उभं राहून सलाम ठोकला. मी पताका उतरवली आणि आईने ती साडीसारखी घडी करत घेतली.

कपडे काढायला आलेल्या शेजारणीने गुजरातीत विचारलं, "काका, लढाईत होता का?"

आप्पांनी सलामाचा हात खाली घेतला आणि अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ना बेन. आम्ही तेल द्यायचो."