चाचांचा लाल दिवा

उमरीत देणग्यांवर कर्णबधिर मुलांची शाळा उभी राहत होती आणि मी रोज नांदेडहून देखरेखीला जायचो. वायरिंगचं काम फुकट करणारे चाचा तिथेच ओळखीचे झाले. ते मागून कधी हाक मारत नसत. आधी फरशीवर पाय आपटत, मग वळसा घालून समोर येत, तोंडातलं पान थुंकत आणि मगच सावकाश बोलत. मला वाटायचं, माणूस जरा नाटकी आहे. वर्गावर्गात घंटेऐवजी त्यांनी लाल दिवे बसवले.

एकदा संध्याकाळी शाळेची किल्ली आणायला मी त्यांच्या घरी गेलो. दारावरचं बटण दाबलं. आवाज काहीच आला नाही, पण खिडकीतून दिसलं, आत भिंतीवर तसाच लाल दिवा लागला होता. चाचांनी लगेच दार उघडलं.

"चाचा, घरी तरी बेल बसवा की."

"घरवालीला ऐकू येत न्हवतं," ते म्हणाले. "ती जाऊन लई दिवस झाले. आता राहू द्या."

खोलीत एकच खुर्ची होती. ती दिव्याकडे तोंड करून ठेवलेली होती.