वणव्यातलं सुतक

दिगंबर गेल्याचं कळलं तेव्हा मी बायपासच्या कडेला स्कूटर उभी करून पोलिसाशी हुज्जत घालत होतो. टेकडीच्या बाजूला सगळा धूर होता आणि तो मला पुढे सोडत नव्हता. वरच्या कॉलनीत माझा मित्र आहे, त्याला आणायला चाललोय, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत होतो. तेवढ्यात दिगंबरच्या शेजाऱ्याचा फोन आला. तो बिचारा नुसता ‘काका... काका...’ करत राहिला, बाकीचं मी समजलो. त्याला आता काही आठवडे झाले. लिहिलं की मन हलकं होईल म्हणून मुलगी मागे लागली, म्हणून बसलो आहे. हलकं वगैरे काही होणार नाही.

नवीन जालन्यात एकाच बँकेत, शेजारशेजारच्या टेबलांवर आमची नोकरी गेली. मी त्याला संकोचराव म्हणायचो. चहा गार आला तर तसाच पिणार, गरम करून आण म्हणणार नाही. एसटीत सीटच्या कडेवर अर्धवट टेकून प्रवास करणार, पण शेजाऱ्याला सरका म्हणणार नाही. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत त्याच्याच पानावर वरण वाढायचं राहून गेलं, तर नवरदेव कोरडा भात गिळून उठला. सुशीलावहिनी, त्याची बायको, हे अजून हसून सांगायच्या. आपल्यापायी कुणाला ताप नको, हे त्याचं पालुपद. मला त्याचा राग यायचा. आज जास्तच येतो.

निवृत्तीनंतर त्याने गावाबाहेर टेकडीला लागून घर बांधलं. मागच्या कुंपणापलीकडे वनखात्याचं रान सुरू व्हायचं... सुबाभूळ, निंब आणि कमरेएवढं कुसळी गवत. श्रावणात तिथे बसून चहा प्यायला फार छान वाटायचं. होळीनंतर मात्र तेच गवत वाळून कडकडीत व्हायचं आणि दिगंबरची झोप उडायची. पलीकडच्या उतारावरचे शेतकरी उन्हाळ्यात बांध पेटवतात, आमच्याकडे त्याला धुरे जाळणं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, पण आता मध्ये घरं आली होती. या एका बाबतीत दिगंबरने संकोच सोडला. कुंपणामागचं गवत दरवर्षी स्वतः विळ्याने कापून रुंद पट्टा मोकळा करायचा, कॉलनीतल्या प्रत्येकाला तसं करायला सांगायचा, आग आली तर कुणी कुठल्या रस्त्याने उतरायचं तेही समजावायचा. लोक हसायचे. कॉलनीखाली रस्त्यालगत मारुतीचं मंदिर आहे, त्याचा सिमेंटचा, दारं असलेला बंदिस्त सभामंडप मोठा आहे. तिथे जमायचं, हेही त्यानेच ठरवलं होतं.

या उन्हाळ्यात वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. अशात त्याच्या गावाहून, टेंभुर्णीहून फोन आला की भावकीतले कुणी म्हातारे वारले. दिगंबर त्यांना धड ओळखतही नव्हता. मी म्हणालो, फोन आलाच नाही असं समज. पण गावाकडची माणसं कॉलनीत येऊन-जाऊन असतात, उद्या कळलं तर मंदिरातल्यांना वाईट वाटेल, म्हणून त्याने स्वतःच जाऊन सांगितलं की मला दहा दिवस सुतक आहे, मी पायरी चढणार नाही. वहिनींना मात्र कळवलं नाही. बाळंतिणीच्या घरात अडचण नको. देवाधर्माचं त्याला फार होतं अशातला भाग नाही. माणसांचंच फार होतं.

आणि त्याच दिवसांत कुणीतरी पलीकडे धुरा पेटवला. दुपारचा वारा सुटलेला. रान पेटलं तसा हा घरोघर दारं वाजवत फिरला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेम्पोत बसवलं, कुलपं लावत बसणाऱ्यांना ओढून काढलं. सगळी कॉलनी सभामंडपात पोचली. मग त्याने मला फोन केला.

“समदे सुखरूप हायेत. मी बाहेर पायरीपाशी बसून राह्यलो.”

“आत जा ना.”

“सुतक हाय ना बाबा.”

माझ्याकडे ये म्हणालो. तर म्हणे, तुझ्या आईचं सोवळंओवळं असतं, तिला कशाला या वयात? त्यापेक्षा मी घरीच जाऊन बसतो. तेव्हा मी ओरडलो. शिव्याच दिल्या म्हणा. लगेच नमला.

“बरं बरं, ये मंग. पण गाडी सावकाश चालव.”

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. वारा फिरला आणि धूर खाली उतरला. आत लेकरं खोकायला लागली म्हणून सभामंडपाची दारं लावून घेतली. दिगंबर बाहेरच होता. त्याला कुणी विसरलं नव्हतं, हे मला सहन होत नाही. थोड्या वेळापूर्वीच कुणीतरी त्याला पाण्याचा तांब्या बाहेर नेऊन दिला होता. एक बाई मला म्हणाल्या, त्यांचं सुतक आपण कसं मोडायचं? त्यांनी त्याचा मान राखला. सगळ्यांनीच राखला. पुजारी तर नंतर म्हणाले, अशा प्रसंगी सुतक लागतच नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारायचं कुणी?

धुरात बसवेना तेव्हा तो उठून वर गेला. सुतकात माणसाला जाता येईल असं एकच घर असतं, स्वतःचं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत कुणी कापलेलं नव्हतं, ते पेटलं होतं. अग्निशमनवाल्यांना तो गल्लीत सापडला, फाटकाच्या अलीकडे. भाजला नव्हता, धुरानेच गेला. घराला आगीची झळसुद्धा लागली नाही. ते आजही उभं आहे, आणि मला ते बघवत नाही.

परवा वहिनींबरोबर सामान आवरायला गेलो होतो. मागच्या खोलीत त्याची आरामखुर्ची टेकडीकडे तोंड करून तशीच आहे. खिडकीबाहेर काळं रान. वहिनी त्या खुर्चीत बसल्या, बाहेर बघतच त्यांनी विचारलं, त्यांना आत या असं कुणी म्हणालं होतं का?

मी म्हणालो, “सगळ्यांनी बोलावलं वहिनी. तोच गेला नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“न्हाई भाऊजी. एकानं जरी म्हनलं असतं, तर ते गेले असते. त्यांना कुणाला न्हाई म्हनताच येत नव्हतं.”