चावलेलं सँडविच

रविवारी सकाळी मी आणि माझा मित्र सुधीर कॅमेरे घेऊन निघतो. निमित्त फोटोंचं, खरा शोध चांगल्या सँडविचचा. परवा एका गाडीवर तसं मिळालं. हिरवी चटणी, बीट, निखाऱ्यावर भाजलेला पाव. मी ते उजेडाकडे वळवलं, चटणीचा ओघळ पुसला, दहा फोटो काढले. तोवर ते गार झालं. सुधीरने आधी अर्धं खाल्लं, मग तेलकट बोटांनीच एक फोटो काढला, दातांच्या खुणांसकट.

आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर माझा फोटो पाहून सगळ्यांनी विचारलं, "कॅमेरा कुठला?"

सुधीरचा पाहून विचारलं, "गाडी कुठे लागते?"

फोटोत भूक कशी उतरवायची, हे मला इतक्या वर्षांत जमलं नाही. त्याला ते खाता खाता जमतं.

सुधीरच्या आधी मीच पत्ता टाकला. चुकीचा.